न दबणारे ठिपके

२५ ऑगस्ट, सोमवार

दवाखान्यात अडीच तास बाकावर बसवलं आणि आत गेल्यावर चार मिनिटांत बाहेर काढलं. मथुराचं बीपी एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे चार. डॉक्टरांनी तिला विचारलं, "काय त्रास होतो, काकू?" मीच सांगितलं की त्रास काही नाही, डोकं जड राहतं आणि मीठ सुटत नाही. तिला विचारलं तर ती आधी माहेरापासून सुरू करते, आणि बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात.

सहा वर्षांपासूनची पांढरी गोळी तशीच राहिली. तिच्या जोडीला रोज सकाळी एक नवी, गुलाबी. डॉक्टर म्हणाले, "एक दिन भी मिस नहीं करना." हे तिच्या समोर बोलले ते बरं झालं. मी बोललो असतो तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं.

बीपीचे आकडे लिहायला वेगळी वही केली आहे. ही वही माझी स्वतःची. एकतीस वर्षं राजघाटावर तापीच्या पाण्याची पातळी मोजून रजिस्टरात लिहिली. त्या रजिस्टरात माणसाला काय वाटतं ते लिहायला रकाना नव्हता. आता रिटायर आहे, इथे लिहीन.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सहाला मशीन, सव्वासहाला चहा, साडेसहाला दोन्ही गोळ्या. संध्याकाळी सहाला परत मशीन. आजचा आकडा एकशे अडतीस – शहाऐंशी. चार दिवसांत चाळीसने उतरलं. मथुराला दाखवलं तर म्हणाली, "बरं." एवढंच.

तृप्तीला जळगावला फोन करून सांगितलं. लेक तरी खूश झाली. म्हणाली, "बाबा, तुम्ही आहात म्हणून आईचं होतंय." खरं आहे ते. नानाच्या वेळी बघणारं कोणी नव्हतं. माझा थोरला भाऊ, धडधाकट माणूस. बरं वाटतंय म्हणून त्याने आपल्या मनाने गोळी बंद केली, आणि तीन आठवड्यांत उजवी बाजू गेली. चौदा महिने खाटेवर होता. मी त्याला चमच्याने भरवलं आहे. मला ते दुसऱ्यांदा बघायचं नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती गेले. गल्लीत सकाळपासून ढोल, माझंच बीपी वाढलं असेल.

मथुराच्या दोन्ही नडग्यांवर बारीक लाल ठिपके आले आहेत, टाचणीच्या डोक्याएवढे. खाजत नाहीत म्हणते. मच्छर असणार. पावसाळ्यात नगरपालिकेची धुराची गाडी एकदा आली होती, त्यानंतर दिसली नाही. मी अर्ज देणार आहे.

८ सप्टेंबर, सोमवार

ठिपके वर चढले. आता हातांवर, कोपरापर्यंत. डाव्या दंडावर रुपयाएवढा जांभळा डाग. "कुठे आपटलीस?" विचारलं तर म्हणाली, "कुठेच नाही. सकाळी तुम्ही मशीनचा पट्टा बांधला, तिथेच आहे तो."

म्हणजे आता माझ्यावर आलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मच्छर चावल्याचा डाग बोटाने दाबला की क्षणभर पांढरा पडतो. हे ठिपके दाबून पाहिले, दबत नाहीत. दाबा नाहीतर सोडा, तसेच लाल. का ते कळलं नाही. जात वेगळी असेल मच्छराची.

गाद्या उन्हात टाकल्या. खाटेच्या सांध्यांत औषध मारलं, ढेकूण एकही निघाला नाही. दिवसभराच्या या कामात मथुराने काडीची मदत केली नाही, पायरीवर बसून राहिली. थकल्यासारखं वाटतं म्हणे.

१० सप्टेंबर, बुधवार

पितर सुरू आहेत. बुधवारा पेठेतल्या एका मोठ्या घरी मथुराला मांड्यांसाठी बोलावलं होतं. गेली वीस वर्षं त्यांच्याकडे पितरांना आणि लग्नकार्याला तीच मांडे करते. पुरणाचा गोळा हातावर घेऊन, या कोपरावरून त्या कोपरावर खेळवत रुमालाएवढा पातळ करायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा, हे आता गावात मोजक्या बायांना येतं.

नऊला गेली आणि साडेदहाला परत. विचारलं. पाणी प्यायली, मग म्हणाली, "मालकीणबाईंनी हात पाहिले. म्हणाल्या, ताई, तुम्ही आज बसा, दुसऱ्या बाईला बोलावलंय. पाहुण्यांच्या समोर म्हणाल्या."

मला राग आला त्या बाईचा. म्हटलं, "तू सांगायचं ना, मच्छर आहेत म्हणून."

"मच्छर नाहीत ते," ती म्हणाली. "ही गुलाबी गोळी सुरू झाली, तेव्हापासूनचं आहे हे सगळं. माझं ऐका एकदा. डॉक्टरला विचारा."

ती म्हणते ही गुलाबी गोळी सुरू झाली तेव्हापासून आहे. हिला कुठलंही कारण चालतं, फक्त दवाई नको. बीपीची गोळी डोक्यासाठी, छातीसाठी असते, कातडीशी तिचा काय संबंध? शिवाय गोळी पंचवीस ऑगस्टला सुरू झाली आणि ठिपके सहा सप्टेंबरला आले. मध्ये बारा दिवस गेले. गोळी बाधायची असती तर पहिल्याच दिवशी बाधली असती. हे मी तिला नीट समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि उठून गेली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गल्लीतल्या प्रत्येकाला डॉक्टर व्हायचं आहे. समोरची म्हणते डेंग्यू, पपईच्या पानांचा रस पाजा. कोपऱ्यावरचा म्हणतो बकरीचं दूध. तृप्तीचाही फोन, "बाबा, आईचं रक्त तपासून घ्या." म्हटलं, ताप नाही, अंगदुखी नाही, डेंग्यू कसला? ती म्हणाली, डेंग्यू नसू दे, पण तपासा तरी. मी म्हटलं, बघू. आता रोज एकेकाच्या सांगण्यावरून तिला सुया टोचत फिरू का?

चुडामणच्या मेडिकलवर गेलो. चुडामण माझ्या वर्गातला, सिंधीपुऱ्यात त्याचं दुकान तीस वर्षांपासून आहे. त्याने एक मलम दिलं आणि म्हणाला, "लीलाधर, मलम देतोय, पण वहिनींना डॉक्टरकडे दाखव. रंग जांभळा म्हणतोस तर दाखवच." दुकानदार असून गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवतो. मलम घेऊन आलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नवे ठिपके नाहीत. जुने तपकिरी होऊन विरत चालले. दंडावरचा डाग पिवळा पडला. मलम, गाद्यांचं ऊन आणि खिडक्यांना लावलेली नवी जाळी, या तिन्हींचा गुण. तृप्तीला कळवलं. रक्त तपासायला गेलो असतो तर फुकटची पळापळ झाली असती.

मथुराही जरा हसून बोलते आहे. आज स्वतःहून भरीत केलं. गोळ्या रोज माझ्या हातून घेते, पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघरात जाते. एकदाही कुरकुर नाही. मनात म्हटलं, समजावून सांगितलं की समजतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बीपी एकशे अठ्ठावन्न – शहाण्णव. परवा एकशे पन्नास होतं. मशीनचे सेल बदलले, तोच आकडा. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली.

२० सप्टेंबर, शनिवार

एकशे सहासष्ट – शंभर. पापड बंद, लोणचं बंद, चिवडाही बंद. मथुरा निमूटपणे अळणी जेवते आणि आकडा चढतोच आहे. मशीन चुडामणकडे नेलं. त्याने स्वतःचं बीपी दोन्ही मशीनवर मोजून दाखवलं, सारखंच आलं. "मशीन ठीक आहे," म्हणाला. "वहिनी गोळ्या घेतात ना?"

माझ्या हाताने देतो, म्हटलं. काय विचारतो हा माणूस.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. सकाळी शर्टाचं बटन तुटलं म्हणून सुईदोऱ्याचा डबा उघडला. मथुरा आंघोळीला गेली होती. डब्यात तळाशी कागदाची पुडी होती. पुडीत गुलाबी गोळ्या. अकरा.

पुडी हातात धरून मी पलंगावर बसलो. पांढरी एकही नव्हती, फक्त गुलाबी. अकरा तारखेपासून कालपर्यंत अकराच दिवस होतात. रोज माझ्या समोर तळहातावर घ्यायची, स्वयंपाकघरात जायची आणि पेला विसळून परत यायची.

ती बाहेर आली तेव्हा मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. नानाचं नाव घेतलं. तुला खाटेवर पडायचं आहे का विचारलं. चमच्याने मीच भरवणार, म्हटलं, म्हणून तुला काही वाटत नाही. आवाज शेजारी गेला असणार.

तिने एकदाच तोंड उघडलं. "गोळी सोडली आणि डाग गेले. तुम्ही बघितलं ना डोळ्यांनी?"

"ते मलमाने गेले."

"मलम तर मी लावलंच नाही," ती म्हणाली. "ट्यूब उघडून बघा."

मी बघितली नाही. गुलाबी गोळी तिच्या हातावर ठेवली आणि तिथेच उभा राहिलो. तिने ती गिळली. मी म्हटलं, तोंड उघड. अडतीस वर्षांच्या संसारात असं कधी म्हटलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, जीभ वर केली, आणि देव्हाऱ्याकडे गेली.

आज दिवसभर बोलली नाही. न बोलू दे. जिवंत राहू दे.

२४ सप्टेंबर, बुधवार

एकशे शेहेचाळीस – नव्वद. उतरू लागलं. मी बरोबर होतो.

ट्यूब पाहिली. तोंडाचं सील तसंच आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी मथुराच्या दात घासण्याच्या ब्रशला रक्त. म्हटलं, जोरात घासत असशील. तिने पदर बाजूला करून हात पुढे केला. पुन्हा ठिपके, कालच्या रात्रीतून आलेले, खांद्यापर्यंत. या वेळी ओठाच्या आतही दोन, काळसर, फोडासारखे. बोटाने दाबून पाहिले. दबत नाहीत.

गोळी हातात घेतली होती. हात जरा थांबला, हे लिहायला पाहिजे. डॉक्टरांना फोन लावला तर कंपाउंडर म्हणाला, साहेब आज इंदूरला आहेत, कल आइए. एक दिवस चुकवायची नाही असं त्यांनीच सांगितलेलं. चुकवली आणि नानासारखं झालं तर? दिली आणि हिचं म्हणणं खरं असलं तर? दुसरं मला खरं वाटत नव्हतं. पण पूर्वीइतकं खोटंही वाटत नव्हतं.

मी उभा होतो तेवढ्यात तिने माझ्या हातातून गोळी घेतली आणि गिळली. न सांगता तोंड उघडून दाखवलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

हॉस्पिटलात बसून लिहितो आहे. कालचं नीट क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

काल शुक्रवारी कंपाउंडरने सांगितलेली वेळ साडेअकराची होती. सकाळी मथुराची थोरली बहीण मालूबाई शहापूरहून आली, केळीचा घड घेऊन, देवीच्या दर्शनाला. सत्तर वर्षांची बाई, अजून शेतात उभी राहते. साधारण दहाला दोघी बहिणी पाटावर बसून दाणे निवडत होत्या. मी आत पेपर वाचत होतो. मालूबाईची हाक आली, "लीलाधरभाऊ, इकडे या. हिच्या नाकातून रक्त येऊन राहिलं."

गेलो तर मथुरा मान खाली घालून बसलेली आणि ताटातले दाणे लाल. नाक दाबलं, थंड पाणी मारलं, बर्फ लावला. वीस मिनिटं झाली तरी थांबेना. मालूबाईने तिचे हात पाहिले, पाय पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीपासून आहे, भाऊ?"

"मच्छर चावले आधी," मी म्हणालो.

"मच्छर चावून नाकातून रक्त येते का कोणाच्या?" मालूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "मले सांगा, हिने तुम्हाले काही सांगितलं होतं का नाही?"

मी रिक्षा आणायला गेलो.

दवाखान्यात पोचताच आमच्या डॉक्टरांनी रक्त काढायला लावलं आणि हॉस्पिटलात भरती करून घेतलं. तासाभरात रिपोर्ट आला. प्लेटलेट दीड लाखाच्या वर पाहिजेत, मथुराच्या नऊ हजार. डॉक्टर म्हणाले, रक्त गोठवणाऱ्या पेशी असतात ह्या, त्या संपल्या की कातडीखाली बारीक नळ्यांतून रक्त पाझरतं, तेच हे ठिपके. "चट्टा नाही हा, काका. आतलं रक्त आहे. म्हणून दाबून जात नाही." डेंग्यूची तपासणी केली, नाही निघाला.

मग खुर्ची ओढून बसले. मथुरा पलंगावर, नाकात कापसाचे बोळे. मालूबाई पायाशी.

"नवी गोळी पंचवीस ऑगस्टपासून ना? ठिपके पहिले कधी दिसले? मध्ये कधी कमी झाले होते का? गोळी मध्ये बंद होती का? तारखा अंदाजे सांगा."

दवायांच्या पिशवीत दोन्ही वह्या होत्या. निघताना घाईत सगळी पिशवीच उचलली होती. मी म्हटलं, "अंदाजे कशाला, लिहिलेलं आहे." आणि ही वही काढली. तेव्हा कळलं नाही मी काय करतो आहे.

वाचायला लागलो. सहा सप्टेंबर, नडग्यांवर ठिपके. आठ सप्टेंबर, दंडावर डाग, दाबले तर दबत नाहीत. डॉक्टर मान हलवत लिहून घेत होते. दहा सप्टेंबरचं पान आलं. मांड्यांचं वगळलं, आणि पुढच्या ओळीवर थांबलो.

"पुढे?" डॉक्टर म्हणाले.

वही मिटता आली असती. मिटली नाही. एकतीस वर्षांत रजिस्टरातला आकडा कधी लपवला नव्हता, एवढंच कारण. वाचलं. "ती म्हणते ही गुलाबी गोळी सुरू झाली तेव्हापासून आहे. हिला कुठलंही कारण चालतं, फक्त दवाई नको."

मग बावीस तारखेचंही वाचलं, अकरा गोळ्यांचं. तोंड उघड म्हटलं ते वाचताना मालूबाई उठून खिडकीकडे गेली.

डॉक्टर म्हणाले, "घेतली तेव्हा आले, सोडली तेव्हा गेले, परत दिली तेव्हा तीन दिवसांत दुपटीने आले. दुसरं काही असण्याची शक्यता कमी आहे. ही गोळी हजारो लोकांना काही करत नाही. क्वचित एखाद्याचं शरीर तिला शत्रू समजतं, आणि त्या भरात स्वतःच्याच पेशी मारतं. ते पहिल्या दिवशी होत नाही, आठ-दहा दिवस लागतात. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी वेळ लागत नाही."

बारा दिवस. मी तिला ज्या हिशोबाने गप्प केलं होतं, तोच हिशोब तिच्या बाजूचा होता.

"पण काकू," डॉक्टर मथुराकडे वळले, "तुम्हीही परस्पर बंद करायची नव्हती. बीपी एकशे सहासष्टवर गेलं होतं, तेही धोक्याचंच. मला येऊन सांगायचं."

मथुरा नाकातल्या कापसामुळे गेंगाणी बोलत होती. "कशी सांगणार? तुम्ही मला विचारता, आणि उत्तर हे देतात."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

ते गेल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी सांगितलं ते ऐकलं नाही. पण लिहून घेतलं."

रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

२८ सप्टेंबर, रविवार

चौदा हजार. गुलाबी गोळी बंद, सलाइनमधून दुसरं औषध चालू आहे. पिशवीतून पिवळसर प्लेटलेट चढवल्या. उद्यापर्यंत वाढल्या नाहीत तर इंदूरला हलवू म्हणतात. हिरड्यांतून अजून रक्त येतं. नर्सने ताकीद दिली आहे, "ब्रश नहीं, सिर्फ कुल्ला." बीपीही वर आहे. एकीकडे बीपी उतरवायचं, दुसरीकडे रक्त थांबवायचं. डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. डोक्यात. ज्याच्या भीतीने मी ती गोळी तिच्या घशाखाली उतरवली, तेच त्या गोळीने होऊ शकतं.

तृप्ती जळगावहून आली. आईजवळ बसून रडली. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली, म्हणाली, "मी रक्त तपासा म्हटलं होतं, बाबा." मी म्हटलं, हो, बारा तारखेला. आणखी काय म्हणणार?

राग सगळ्यांचा येतो आहे. कंपाउंडरचा, इंदूरला गेलेल्या डॉक्टरचा, गोळी बनवणाऱ्यांचा. मथुराचाही येतो, सुईदोऱ्याच्या डब्यात गोळ्या लपवण्यापेक्षा भांडली का नाही ही बाई. पण ती भांडली होती. मी ते दहा तारखेच्या पानावर लिहिलेलं आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

सत्तावीस हजार. इंदूर टळलं.

मालूबाई रोज शहापूरहून डबा आणते. माझ्यासाठीही भाकरी असते त्यात. आज देताना म्हणाली, "खा भाऊ. मारायचं नव्हतं तुम्हाले तिले, हे मले समजते. पण तुमचं प्रेम बी हुकूमासारखंच आहे."

भाकरी घेतली आणि बाकावर बसून खाल्ली.

१ ऑक्टोबर, बुधवार

त्रेसष्ट हजार. हिरड्या थांबल्या. मथुराने आज स्वतः केस विंचरले.

दुपारी तृप्ती चहाला गेली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "माझं चुकलं." हे म्हणायला तीन दिवस जुळवाजुळव करत होतो आणि शेवटी दोनच शब्द निघाले.

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "मीही घाबरलेच होते. डाग गेले पण डोकं ठणकायचं. वाटायचं, नानांसारखं झालं तर ह्यांना तोंड काय दाखवू."

म्हणजे ते अकरा दिवस ती एकटी दोन्ही बाजूंनी घाबरलेली होती, आणि मी समोर बसून लोणच्याच्या बरणीवर राग काढत होतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

घरी आलो. दसरा हॉस्पिटलातच गेला. सोनं द्यायला लोक आता येत आहेत आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. समोरची म्हणाली, पपईचा रस दिला असता तर एवढं झालं नसतं. मी आत निघून गेलो.

डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली आहे, वेगळ्या जातीची. जाड कागदावर त्या गुलाबी गोळीचं नाव लिहून दिलं, म्हणाले हे आयुष्यभर जवळ ठेवायचं, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे दाखवायचं. तो कागद मी माझ्या पाकिटात ठेवायला लागलो, तर मथुराने हात पुढे केला. दिला. तिने घडी करून बटव्यात टाकला.

सकाळी साडेसहाला ती आपली आपण गोळी घेते. मी दुसऱ्या खोलीत बसतो. आज दोनदा उठलो आणि दोनदा बसलो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज दाखवायला गेलो होतो. प्लेटलेट दोन लाख दहा हजार. बीपी एकशे बत्तीस – चौऱ्याऐंशी. हातांवर काही नाही.

बाकावर दोन तास गेले. हे सुधारणार नाही.

आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता कसं वाटतं?" मी बोलायला तोंड उघडलंच होतं. "तिचं आता," इथपर्यंत आलो, आणि थांबलो. डॉक्टरांनी स्टूल मथुराकडे फिरवलं.

ती आधी माहेरापासूनच सुरू झाली. आईला असंच डोकं जड व्हायचं, पंचावन्नाव्या वर्षी गेली, तेव्हापासून भीती आहे. मग म्हणाली, सकाळी उठलं की खोली फिरते, भिंत धरून उभी राहते. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर बसावं लागतं, दोन वर्षं झाली. डाव्या कानात भांडं वाजल्यासारखा आवाज येतो. रोज सकाळी सहाला मशीनचा पट्टा बांधला की छाती धडधडायला लागते, परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखी.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, रोज दोनदा मोजायची गरज नाही. आठवड्यातून एकदा. आणि काकू मोजतील."

बाहेरची माणसं कुरकुरत होती. कंपाउंडरने दार उघडून दोनदा डोकावलं. डॉक्टर लिहीत होते, ती सांगत होती. मी भिंतीशी बसून ऐकत होतो. त्या दोन वर्षांतली प्रत्येक पायरी मी तिच्यासोबत चढलो होतो, आणि पायरीवर बसली की म्हणत होतो, चल, उशीर होतो.

रिक्षा केली नाही, तीच म्हणाली, चालत जाऊ. वाटेत मी विचारलं, "आणखी काही आहे का, जे मला माहीत नाही?"

"आहे ना," मथुरा म्हणाली, आणि बोलायला लागली. घर येईपर्यंत बोलत होती. मी मध्ये एकदाच बोललो, तेही अर्ध्यावर सोडलं.